जवस, चुना आणि धावड्याचा डिंक

रसायनावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे आपण विचाराल. शाळा आम्ही लवकर सोडली; पुढले शिक्षण कारखान्यांच्या फाटकाशी झाले. तेल-पाण्याचा प्रश्न आम्हांस पहिल्याने भेटला तो एका तेलाच्या कारखान्यात. कढत तेलाने एका सोबत्याचा हात भाजला. औषधपेटी उघडली तर आत दोन पट्ट्या आणि एक रिकामी बाटली! दीडशे कामगारांमागे एक सुसज्ज पेटी, हे 1948 च्या कारखाना कायद्याचे 45 वे कलम मालकास ठाऊक नव्हते असे नाही. अखेर एका वृद्ध घाणीवाल्याने जवसाचे तेल आणि चुन्याची निवळी समभाग घेतली, बाटलीत खळाखळा हलवली आणि तो दाट पिवळसर लेप हातावर लावला.

पुढे वाचनात आले, की स्कॉटलंडात 1759 साली निघालेल्या कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यात भाजलेल्या मजुरांना हेच लावीत. त्यावरून त्याला कॅरन तेल म्हणू लागले. इकडे 1867 साली नागपुरास आगगाडी आली आणि मध्यप्रांताचा जवस मुंबईवाटे विलायतेस जाऊ लागला, बहुतेक रंगरोगणासाठी.

या लेपाचे मर्म असे. घाणीच्या तेलात थोडी मोकळी आम्ले असतात. चुन्याशी त्यांचा संयोग होऊन साबण बनतो आणि तो पाण्याच्या थेंबाथेंबाभोवती पडदा धरतो. अशा मिश्रणास शास्त्रात पायस म्हणतात. तेल फार शुद्ध केले तर आम्ल उरत नाही आणि पायस जमत नाही. गरिबाच्या तेलाचा हा गुणच म्हणायचा! पण पडदा दुबळा असतो. बाटली ठेवून दिली की तेल वर, पाणी खाली.

टिकाऊपणासाठी औषध करणारे डिंकाकडे वळले. चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग बाभूळवर्गीय डिंक, असे खलात घोटण्याचे त्यांचे जुने प्रमाण. यात उलट तेलाचे थेंब पाण्यात राहतात. आमच्या रानातल्या धावड्याचा डिंक हे काम त्याहून सरस करतो. व्यापारात त्यास घट्टी म्हणतात; तो वेचणाऱ्याला मात्र काही म्हणत नाहीत.

या विद्येला सीताबर्डीहून अमरावती रस्त्याने गेल्यावर घर आहे. कामठीचे दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठास दिलेल्या धनातून 1942 साली तेथे तंत्रशास्त्र संस्था निघाली. तेलतंत्र तेथे शिकवतात. जवस, चुना, डिंक, विद्या, सारे दोन-चार कोसांत असून आमच्या पेटीत रिकामी बाटली होती.

भाजल्यावर तेल लावू नये, प्रथम वाहत्या गार पाण्याखाली अवयव धरावा, असे आता डॉक्टर सांगतात आणि तेच बरोबर. त्या दिवशी आम्हांस ते कोणी सांगितले नव्हते. सोबत्याच्या मनगटावर डाग राहिला. पेटी भरली ती दोन दिवस काम बंद ठेवल्यावर.