गांवाचें दफ्तर

स्कॉटलंडच्या वायव्येस लुइस नांवाचें बेट आहे. १ जानेवारी १९१९ च्या पहांटेपूर्वीं, महायुद्ध संपवून घरीं परतणारे सुमारें २८० लोक घेऊन 'आयोलेअर' हें जहाज तेथील स्टॉर्नोवे बंदरापाशीं आलें. बहुतेक जण आरमाराच्या राखीव दलांतले, याच बेटावरचे. बंदराच्या तोंडाशीं, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, जहाज खडकावर आदळलें आणि २०१ माणसें बुडालीं. नेस भागांतील जॉन मॅक्लाउड दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला. त्या दोराच्या आधारानें सुमारें चाळीस जण वांचले.

पुढें कित्येक वर्षें घरोघरीं या दुःखाचा उच्चारही होत नसे. मग त्याची नोंद ठेवावी कोणीं? सरकारी यादींत नांव व हुद्दा असतो. परंतु या बेटावर मॅक्लाउड, मॉरिसन, मॅकडॉनल्ड हीं आडनांवें इतकीं सर्रास आहेत कीं नांवावरून माणूस ओळखणें कठीण. गेलिक बोलणारे गांवकरी माणसाला बापाच्या, आजाच्या नांवानें किंवा टोपणनांवानें ओळखीत.

१९७७ सालीं नेस येथें निघालेल्या इतिहास मंडळानें ही ओळख जपण्याचें काम हातीं घेतलें. वृद्धांच्या तोंडच्या आठवणी, छायाचित्रें आणि घराण्यांच्या हकीकती तेथें जमल्या.

बुडाले किती, हें राज्याच्या दफ्तरांत सांपडतें. कोणत्या घरीं कोणाची वाट पाहिली जात होती, हें मात्र गांवानेंच लिहून ठेवावें लागतें.