४२० येनांचा कॅमेरा : रेंजफाइंडरच्या पहिल्या भिंगाची कहाणी

१९३० च्या दशकाचा पूर्वार्ध. टोकियोतील एखाद्या नामांकित बँकेत नुकत्याच रुजू झालेल्या पदवीधराला महिन्याकाठी ७० येन पगार मिळत असे. त्याच शहरात जर्मनीहून आलेला लायका कॅमेरा, एफ ३.५ च्या साध्या भिंगासह, ४२० येनांना विकला जात होता. कॅनन कंपनीने स्वतःच्या इतिहासात हे दोन आकडे जपून ठेवले आहेत. म्हणजे त्या तरुणाने सहा महिने भाडे द्यायचे नाही, जेवायचे नाही, आगगाडीचे तिकीट काढायचे नाही. मग कॅमेरा त्याचा. (४२० हा आकडा वाचून भारतीय वाचकाच्या मनात जे येते, त्याचाही या कथेशी पुढे संबंध येणार आहे.)

आज जुना रेंजफाइंडर कॅमेरा कसाबसा मिळवून पहिल्या भिंगाच्या किमतीपाशी अडखळणारा तरुण त्याच दुकानाच्या काचेबाहेर उभा असतो. नवे लायका भिंग आजही अनेकांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतके आहे. मात्र टोकियोच्या त्या कारकुनापाशी नव्हते ते आजच्या तरुणापाशी आहे : पर्याय. हे पर्याय कुठून आले, हे समजले की त्यांतून निवड करणे बरेच सोपे होते.

प्रथम यंत्राविषयी थोडे. रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर काही अंतर राखून दोन खिडक्या असतात. दोन्हींतून येणारी प्रतिमा अर्धपारदर्शक आरशाच्या साहाय्याने एकमेकींवर पडते. भिंगाचे कडे फिरवले की दोन प्रतिमा जवळ सरकतात, आणि त्या तंतोतंत जुळल्या की वस्तू स्पष्ट टिपली जाणार हे निश्चित होते. ही जुळणी घडते ती भिंगाच्या मागील धातूच्या कडेमुळे. ती कॅमेऱ्यातील एक छोटी तरफ ढकलते. छायाचित्रकार भिंगातून पाहतच नाही. तो खिडकीतून पाहतो आणि भिंगावर विश्वास ठेवतो. म्हणूनच या कॅमेऱ्याचे भिंग निव्वळ चांगल्या काचेचे असून भागत नाही. त्याचे धातूकामही मिलिमीटरच्या शतांशापर्यंत अचूक असावे लागते. स्वस्त भिंगांची सारी सुखदुःखे या एका वाक्यात आहेत.

वेट्झलारची लाइट्झ ही सूक्ष्मदर्शके बनवणारी कंपनी. तेथील ओस्कार बार्नाक याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चित्रपटाच्या फिल्मवर चालणारा चिमुकला कॅमेरा घडवला, आणि १९२५ साली लाइपझिगच्या वसंत मेळ्यात तो लोकांसमोर आला. त्याचे भिंग माक्स बेरेकने आखलेले, ५० मि.मी.चे. पुढे ते ‘एल्मार’ या नावाने गाजले : चार काचा, तीन गट, छिद्र फक्त एफ ३.५, पण खिशात मावेल असे. तेव्हा भिंग काढता येत नसे. १९३० मध्ये ३९ मि.मी. व्यासाचे आटे आले आणि भिंगे बदलता येऊ लागली; तरी सुरुवातीला प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्याशीच जुळवून दिले जाई, एकाचे दुसऱ्याला चालत नसे. १९३१ मध्ये भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मि.मी. असे पक्के करण्यात आले. पुढल्याच वर्षी लायका २ मध्ये अंतरमापक थेट भिंगाशी जोडला गेला.

एक व्यास आणि एक अंतर. लाइट्झने हे प्रमाण आपल्या सोयीसाठी ठरवले होते. जगभरच्या अनुकरणकर्त्यांनी ते सार्वजनिक मालमत्तेसारखे वापरले.

पहिले मोठे अनुकरण झाले ते युक्रेनमधील खारकिव्ह येथे, आणि तेही ज्यांच्याकडून कोणी अपेक्षा केली नसती अशा हातांनी. यादवी युद्ध आणि दुष्काळ यांनी सोव्हिएत प्रदेशात लक्षावधी मुले बेघर केली होती. अशा मुलांसाठी १९२७ मध्ये खारकिव्हजवळ एक वसाहत उभी राहिली. गुप्तपोलीस दलाचा संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याचे नाव तिला दिलेले होते, आणि शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको तिचा प्रमुख होता. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस कारखाना. मुलांनी आधी लाकडी सामान बनवले, मग विजेवर चालणारी ड्रिल यंत्रे, आणि १९३४ पासून लायका २ ची हुबेहूब प्रतिकृती. तिचे नाव ‘फेड’ : झेर्झिन्स्कीच्या नावाची तीन आद्याक्षरे. रस्त्यावरून उचललेल्या पोरांनी घडवलेल्या कॅमेऱ्यावर गुप्तपोलीस प्रमुखाचे नाव कोरलेले असावे, यातला विरोधाभास त्या काळात मोठ्याने बोलून दाखवण्यासारखा नव्हता. युद्धपूर्व फेडमध्ये एक दोष होता. बैठकीचे अंतर सर्व नगांत सारखे नसे, त्यामुळे भिंग आपल्या जन्मजात कॅमेऱ्यावरच नीट चाले. आज बाजारात युद्धपूर्व फेडचे सुटे भिंग दिसले तर ते संग्राहकासाठी सोडून द्यावे.

टोकियोकडे परत येऊ. गोरो योशिदा नावाच्या तंत्रज्ञाने एक लायका उघडून सुटी केली. आत पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड आणि रबर निघाले; हिरे-माणके काही निघाली नाहीत. एवढ्याशा साहित्याची एवढी किंमत पाहून त्याला संताप आला, असे त्याने पुढे सांगितले. १९३३ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक छोटी प्रयोगशाळा थाटली. १९३४ मध्ये त्यांच्या कॅमेऱ्याची जाहिरात झळकली, तिच्यात नाव होते ‘क्वानॉन’. जपानी बौद्ध परंपरेतील करुणेची देवता कान्नोन हिच्यावरून ते घेतलेले होते, आणि कान्नोन म्हणजेच अवलोकितेश्वर : अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ धरून उभा असलेला पद्मपाणी. भिंगाचे नावही बुद्धशिष्य महाकाश्यपावरून ‘कास्यपा’ ठेवले होते. १९३६ मध्ये प्रत्यक्ष विक्रीस आलेल्या ‘हान्सा कॅनन’चे भिंग मात्र कंपनीला स्वतः बनवता आले नाही. ते निप्पॉन कोगाकू या प्रकाशशास्त्रीय कारखान्याने पुरवले : निक्कोर, ५० मि.मी., एफ ३.५. कॅमेऱ्याची किंमत २७५ येन. सहा महिन्यांचा पगार चार महिन्यांवर आला.

मग युद्ध आले.

जर्मनीत लायकाचा खरा प्रतिस्पर्धी होता झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स, आणि कॉन्टॅक्सचे वैभव होते लुडविग बेर्टेलेने आखलेले ‘सोन्नार’. त्या काळी काचेवर परावर्तन रोखणारा लेप सर्वत्र नव्हता. काच आणि हवा यांच्या सीमेवर दर वेळी थोडा प्रकाश वाया जाई आणि चित्र फिकट होई. बेर्टेलेने अनेक काचा एकमेकींना चिकटवून अशा सीमा केवळ सहावर आणल्या. परिणामी एफ २ आणि एफ १.५ इतक्या मोठ्या छिद्रालाही चित्र ठसठशीत येऊ लागले. १९४५ मध्ये जर्मनी पडली. येना शहर आधी अमेरिकी सैन्याच्या हाती आले. ते सोव्हिएतांना सोपवण्यापूर्वी अमेरिकनांनी झाइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे हलवले. उरलेली यंत्रसामग्री, आराखडे, काच, आणि १९४६ च्या ऑक्टोबरात काही माणसेसुद्धा युद्धभरपाई म्हणून पूर्वेकडे गेली. कॉन्टॅक्सचा पुनर्जन्म ‘किएव्ह’ या नावाने कीव्हच्या आर्सेनाल कारखान्यात झाला. सोन्नार मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला पोहोचले. तेथे ते आधी जर्मन काचेतून बनले. पुढे सोव्हिएत काचेसाठी गणिते नव्याने मांडली गेली आणि त्याचे नाव झाले ‘ज्युपिटर’. ५० मि.मी. एफ २ चे ते ज्युपिटर-८, एफ १.५ चे ज्युपिटर-३. ती लायकाच्याच ३९ मि.मी. आट्यांत बसवून ‘झोर्की’ कॅमेऱ्यांबरोबर विकली गेली.

म्हणजे आज थोडक्या पैशांत मिळणारे ज्युपिटर-८ हे १९३० च्या दशकातील एका अतिशय महागड्या जर्मन भिंगाचे रशियन अपत्य आहे. ते स्वस्त आहे, कारण त्याचा आराखडा विकत घेतलेला नव्हता. तो जिंकून आणलेला होता.

जपानच्या भिंगांना प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या एका युद्धामुळे. १९५० मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने ८५ मि.मी. एफ २ च्या निक्कोरने त्यांचे एक छायाचित्र सहज टिपले. डंकन यांनी आधी ते हसण्यावारी नेले. मोठ्या आकारातील प्रत पाहिल्यावर मात्र ते निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यात गेले आणि आपल्या लायकांसाठी निक्कोर भिंगे घेतली. २५ जूनला कोरियात युद्ध पेटले. डंकन यांची तेथील छायाचित्रे जगभर पोहोचली, आणि डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने जपानी भिंगांची दखल घेतली. तोवर ‘जपानी माल’ म्हणजे हलका माल, असाच पश्चिमेत समज होता. पुढच्याच वर्षी कॅननचे ५० मि.मी. एफ १.८ आले. हिरोशी इतो यांनी आखलेले हे भिंग आजही भिंगांच्या बाजारात सर्वांत प्रामाणिक सौद्यांपैकी एक गणले पाहिजे.

१९५४ च्या लायका एम३ ने आट्यांऐवजी झटकन बसणारी बायोनेट पकड आणली. सुदैवाने लाइट्झने नव्या कॅमेऱ्यातील अंतर २७.८ मि.मी., म्हणजे बरोबर एक मि.मी. कमी ठेवले. एक मि.मी. जाडीचे कडे लावले की आट्यांची सारी जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यावर बसतात. आपल्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी केलेल्या या सोयीचा लाभ अखेर खारकिव्ह, क्रास्नोगोर्स्क आणि टोकियोच्या भिंगांनाही झाला. १९९९ नंतर जपानच्या कोसिना कंपनीने १७५६ साली व्हिएन्नात स्थापन झालेल्या फोइग्टलँडरचे नाव घेऊन याच आट्यांसाठी नवी, परवडणारी भिंगे काढली. अलीकडे चिनी कंपन्याही या रांगेत आल्या आहेत.

तर पहिले भिंग कोणते? इतिहासाचे उत्तर ५० मि.मी. असे आहे, आणि त्यामागे निव्वळ परंपरा नाही. झोर्की-फेडची खिडकी ५० मि.मी.चेच दृश्य दाखवते. लायका एम३ मध्येही सर्वांत रुंद चौकट ५० ची आहे. २८ किंवा २१ चे भिंग घेतले की बहुधा वेगळी खिडकीही विकत घ्यावी लागते, हा खर्च नवशिक्याच्या हिशेबात नसतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभर मुख्यत्वे ५० मि.मी.वरच काम केले. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची त्यांची दिल्लीतील छायाचित्रे सर्वपरिचित आहेत.

सर्वांत कमी पैशांत इंडुस्टार-२२ किंवा ५०, म्हणजे एल्मारच्या घडणीची एफ ३.५ ची चिमुकली भिंगे. भर उन्हात ती उत्तम. संध्याकाळी मात्र हात टेकतात. थोडे अधिक पैसे असतील तर ज्युपिटर-८. येथे एक मेख आहे. लायकाचा अंतरमापक ५१.६ मि.मी. हे प्रमाण मानून आखलेला आहे, तर कॉन्टॅक्सच्या घराण्यात ते सुमारे ५२.४ होते, आणि ज्युपिटर त्या दुसऱ्या घराण्यातले. लायकावर एफ २ ला जवळचा चेहरा टिपताना स्पष्टता डोळ्यांवरून कानावर सरकू शकते, एफ ५.६ ला रस्त्यावर काम करणाऱ्यास फरक जाणवणार नाही. ज्युपिटर-८एम घेऊ नये, ते किएव्हच्या बायोनेटचे आहे. ३५ मि.मी.चे ज्युपिटर-१२ मोहक असले तरी त्याची मागची काच कॅमेऱ्याच्या पोटात खोल शिरते आणि काही कॅमेऱ्यांत प्रकाशमापकाला अडते. आणखी ऐपत असेल तर कॅननचे एफ १.८ घ्यावे आणि शोध थांबवावा.

आता ते ४२०. फेड आणि झोर्कीवरील कोरीव अक्षरे खरवडून, त्यांवर लायकाचे नाव, कधी सोनेरी मुलामा, कधी नाझी स्वस्तिक चढवून ‘दुर्मीळ युद्धकालीन लायका’ म्हणून विकण्याचा धंदा अनेक वर्षे चालू आहे. अशा कॅमेऱ्यावर ‘एल्मार’ लिहिलेले भिंगही बहुधा सोव्हिएतच असते. त्याने चित्र चांगले येते. फक्त किंमत एल्मारची देऊ नये.

घेण्यापूर्वी भिंग पूर्ण उघडून मागून विजेरीचा झोत टाकून पाहावे. जुन्या कॅनन भिंगांत छिद्राच्या पात्यांजवळच्या काचेवर धूसर थर साचतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात ती कातडी पेटीत ठेवलेल्या भिंगाला हमखास धरते. त्यामुळे घरी आणलेले भिंग त्याच्या देखण्या मूळ पेटीतून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे.