गिअरपेटींतील तेल आणि मुंबईची जुनी मोटार

बैलगाडीच्या काळांत गाडीवानाला वंगणाची आठवण कोणी करून द्यावी लागत नसे. आंस कोरडा पडला कीं चाक करकरूं लागे, आणि तो करकराट अर्ध्या गांवाला ऐकूं जाई. दोन बोटें वंगण आंसाला लागलें कीं तक्रार मिटे. यंत्र आणि माणूस यांच्यामधील हा संवाद साधा होता. मोटार आल्यावर तो अवघड होऊं लागला. यंत्र जसजसें सुधारत गेलें, तसतशी त्याची तक्रार मुकी होत गेली. मोटारीच्या गिअरपेटींतील तेलाचा इतिहास हा बऱ्याच अंशीं या वाढत्या मुकेपणाचा इतिहास आहे. आणि ज्या घरांत दहापंधरा वर्षें वापरलेली गाडी विकत घेतली जाते, त्या घराच्या खर्चाशीं त्याचा अगदीं निकटचा संबंध येतो.

मोटारीला गिअरपेटी कां लागते, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पेट्रोलचें इंजिन बऱ्याच वेगानें फिरूं लागल्यावरच त्याला जोर येतो. फार सावकाश फिरविलें तर तें बंद पडतें. उलट, गाडीला उभ्या स्थितींतून निघावें लागतें, घाट चढावा लागतो आणि गर्दींतून गोगलगाईच्या गतीनेंही जावें लागतें. म्हणून इंजिन आणि चाकें यांच्यामध्यें लहानमोठ्या दांतेरी चाकांच्या जोड्या बसवाव्या लागतात. फ्रान्समधील पानार-लव्हासोर या कारखान्याचा भागीदार एमिल लव्हासोर यानें १८९१ च्या सुमारास सरकत्या दांतेरी चाकांची योजना मोटारींत आणली, आणि पुढें अनेक वर्षें बहुतेक गाड्या त्याच नमुन्यावर झाल्या. प्रथम हीं चाकें उघडींच फिरत. नंतर तीं तेलाच्या बंद पेटींत गेलीं. त्या दिवसापासून तेल मालकाच्या नजरेआड झालें.

पेटींतील हें तेल तीन कामें करतें. दांत्यांच्या मध्यें पातळ पापुद्रा होऊन तें धातूला धातू घासूं देत नाहीं. घर्षणाची उष्णता वाहून पेटीच्या भिंतींकडे नेतें. आणि झिजलेल्या धातूचे कण धुऊन तळाशीं नेतें. इंजिनाचें तेल थोडेंबहुत जळतें. गिअरपेटींतील तेल जळून संपत नाहीं. ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पेटींतील तेल कमी झालें, तर तें कोठून तरी बाहेर गेलें आहे, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणजे कमी तेल हा पुढील रोगाचें कारण असला, तरी तो स्वतः आधींच्या एका रोगाचें लक्षणही आहे. नुसतें तेल ओतून तो बरा होत नाहीं.

मुंबईच्या रस्त्यावर भाड्याच्या मोटारी १९११ मध्यें आल्या. त्या काळच्या गाडींत गिअर बदलणें ही एक कलाच होती. क्लच दोनदां दाबून, इंजिनाचा वेग कानानें अजमावून दांते जुळवावे लागत. चुकलें तर पेटींतून असा कर्कश आवाज निघे कीं चालकाची फजिती सर्व रस्त्याला कळे. १९२८ मध्यें अमेरिकेंत कॅडिलॅक कंपनीनें, दांते जुळण्यापूर्वीं दोन्ही चाकांचा वेग आपोआप सारखा करणारी सिंक्रोमेश नांवाची रचना बाजारांत आणली. गिअर मऊपणें पडूं लागला. चालकाचें काम हलकें झालें, परंतु त्याचा कान मात्र निवृत्त झाला.

त्याच १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत शिवडी येथें परदेशी भाग जुळवून मोटारी बांधण्याचा कारखाना काढला. दुसरीकडे शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ मध्यें मोटारी बाहेर पडूं लागल्या. शिवडी आणि कुर्ला या दोहोंच्या मध्यें माटुंगा येतो. १८८७ मध्यें स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजेच आजची वीरमाता जिजाबाई संस्था, १९२३ पासून माटुंग्यास आहे. तिनें या शहराला यंत्रज्ञ पुरविले. मुंबई विद्यापीठाचा १९३३ मध्यें निघालेला रसायन-तंत्रज्ञान विभाग १९४३ मध्यें तिच्या शेजारींच आला, आणि तेथें तेलांचें शास्त्र शिकविलें जाऊं लागलें. दांतेरी चाकाचें शास्त्र आणि तेलाचें शास्त्र अशीं एकमेकांच्या शेजारीं नांदावीं, हें माटुंग्याचें भाग्यच म्हणावें लागेल.

स्वातंत्र्यानंतर सरकारनें केवळ भाग जुळविणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन द्यावयाचें नाहीं असें ठरविलें. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर येथें सर्व भाग तयार करण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना काढता पाय घ्यावा लागला, आणि १९५४ मध्यें शिवडीचा कारखाना बंद झाला. परदेशी गाड्यांची आयात आटली. देशी गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागूं लागली. या परिस्थितींत जुनी गाडी मोडींत काढणें कोणालाच परवडत नव्हतें. दुसऱ्या-तिसऱ्या हातची गाडी घेणें आणि ती मिस्त्रीच्या मदतीनें जगविणें, हा मुंबईच्या मध्यम वर्गाचा शिरस्ता होऊन बसला.

या शिरस्त्याची नायिका म्हणजे कुर्ल्याची फियाट. १९५४ मध्यें फियाट ११०० आली. तिच्या फुगीर अंगामुळें लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. याच घराण्यांतील गाडीला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हें नांव मिळालें, आणि काळ्या-पिवळ्या रंगांत ती या शहराची ओळख बनली. तिचा गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला जोडलेला असे. पेटींत जाड तेल. दिवसभर शेंकडों वेळां गिअर बदलणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या घरची चूल या तेलावर अवलंबून होती. पेटीच्या मागील टोकाचें ऑइल सील झिजलें कीं थेंबथेंब तेल गळे. गाडी रात्रीं उभी राहिलेल्या जागीं सकाळीं काळा डाग दिसे. जाणता चालक सकाळीं गाडीच्या कांचेआधीं हा डाग पाही.

दुर्लक्ष झालें तर रोग कसा वाढतो, हें जुन्या मिस्त्र्यांना पाठ होतें. प्रथम पेटींतून बारीक गुणगुण ऐकूं येते. मग ती वाढून घरघर होते, कारण बेअरिंगना तेल पोंचत नाहीं. गिअर अडूं लागतो. झिजलेला गिअर चढावर आपोआप सुटतो. शेवटीं दांता तुटतो, आणि त्याचा तुकडा पेटींत फिरून बाकीच्या चाकांचाही चुरा करतो. दहावीस रुपयांचें सील वेळेवर बदललें नाहीं म्हणून सबंध पेटी उतरवावी लागे. आणि ती दुरुस्त होईपर्यंत टॅक्सी उभी, म्हणजे घरांतली कमाई उभी. तरीही या पेटीचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती ओरडत असे, आणि ऐकणाऱ्याला बरीच मुदत देत असे.

पद्मिनीचें उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलें. मुंबईंत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तोंवर घरोघरच्या जुन्या गाड्यांची जातही बदलली होती, कारण दरम्यान स्वयंचलित गिअरची गाडी येथेंही रुळली.

तिचा उगम जर्मनींतील आहे. हर्मान फॉटिंगर या तज्ज्ञानें १९०५ मध्यें जहाजांसाठीं द्रवाच्या योगें शक्ति एका चक्राकडून दुसऱ्या चक्राकडे नेण्याची युक्ति काढली. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसरा फिरूं लागतो, तसाच हा प्रकार. फक्त वाऱ्याच्या जागीं तेल. जनरल मोटर्सनें आपल्या ओल्ड्समोबिल गाडीच्या १९४० च्या नमुन्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ ही संपूर्ण स्वयंचलित पेटी दिली, आणि पुढें महायुद्धांत ती अमेरिकन रणगाड्यांतही बसली. १९४९ मध्यें या कंपनीनें अशा पेट्यांसाठीं खास तेलाचा दर्जा ठरविला. तें तेल इंजिनाच्या तेलाहून वेगळें ओळखूं यावें म्हणून त्याला तांबडा रंग देत. आरंभीच्या काळांत त्यांत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत. १९७० मध्यें अमेरिकेनें त्या माशाला संरक्षण दिलें, आणि रसायनज्ञांना त्याच्या जागीं दुसरीं द्रव्यें शोधावीं लागलीं. गाडी चालविण्यासाठीं समुद्रांतील एवढा मोठा जीव खर्ची पडत होता, हें त्या काळच्या फारच थोड्या मालकांना ठाऊक असेल.

स्वयंचलित पेटींत तेलाचा अधिकारच बदलला. तेथें तें केवळ वंगण नाहीं. तेंच इंजिनाचा जोर पुढें नेतें, तेंच दाबानें आंतील क्लचच्या चकत्या आवळून धरतें, आणि तेंच पेटी थंड ठेवतें. तेल कमी झालें कीं पंप तेलाबरोबर हवा ओढूं लागतो. तेलाला फेस येतो. फेसाला दाब राहत नाहीं. दाब नाहीं म्हणून चकत्या घसरतात. घसरल्या म्हणून तापतात. आणि तापल्या म्हणून उरलेलें तेलही करपतें. बाहेरून दिसणारीं लक्षणें मात्र सौम्य असतात. दांडा ‘डी’वर टाकल्यावर गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबते आणि मग निघते. इंजिन जोरानें फिरतें, पण वेग तेवढा वाढत नाहीं. चढावर किंवा तीव्र वळणावर तेल एका बाजूस गेलें कीं ओढ तुटते, आणि सपाटीवर येतांच सर्व कांहीं ठीक वाटतें. मालक म्हणतो, ‘आज गाडी जरा सुस्त आहे’. आणि या सुस्तपणाच्या आड पेटी जळत असते. जुन्या पेटीनें महिनोन् महिने ओरडून जें सांगितलें असतें, तें ही पेटी एका क्षणाच्या विलंबानें सांगते.

माटुंग्यापुरता आणखी एक धोका आहे. किंग्ज सर्कलजवळील गांधी मार्केटचा भाग पावसाळ्यांत तुंबतो, हें मुंबईकरांस सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजीं तर सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि असंख्य गाड्या पाण्याखालीं गेल्या. गिअरपेटीला हवा येण्याजाण्यासाठीं एक बारीक वाट ठेवलेली असते. पेटी पाण्यांत बुडाली कीं त्या वाटेनें पाणी आंत शिरतें, आणि तेल दुधाळ होतें. अशा वेळीं पातळी कमी दिसत नाहीं, कदाचित् वाढलेलीच दिसते; परंतु पेटींत तेलाचें काम करणारें तेल उरलेलें नसतें. पुरांत सांपडलेली गाडी धुऊन-पुसून विकावयास आली असतां गादीपेक्षां पेटींतील तेल आधीं पाहावें, तें याचकरितां.

आतां वापरलेली गाडी घेणाऱ्यानें काय करावें? साध्या पेटीच्या बाजूस पातळीचा बोल्ट असतो. गाडी सपाटीवर उभी करून तो काढला असतां तेल भोंकाच्या कडेपर्यंत असावें. स्वयंचलित पेटीला मोजपट्टी असेल, तर इंजिन चालू ठेवून पाहावयाचें कीं बंद करून, हें त्या त्या कंपनीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें आणि तें कंपनीगणिक बदलतें. अनेक नव्या गाड्यांना मोजपट्टीच नसते. तेथें गाडी उचलून, तेल ठराविक उष्णतेला आणून, खालच्या बोल्टापाशीं पातळी पाहावी लागते, आणि तें कसबी माणसाचेंच काम आहे. तेल काळें आणि करपट वासाचें असल्यास नुकसान आधींच झालें आहे असें समजावें. तेल कमी असल्यास प्रथम गळती शोधावी आणि मगच, कंपनीनें सांगितलेल्याच जातीचें तेल, मापानेंच भरावें. कारण जास्त झालेलें तेलही घुसळून फेंसाळतें आणि कमी तेलासारखाच घात करतें.

एक सावधगिरी उलट बाजूनेंही हवी. झिजलेल्या साध्या पेटींत फार जाड तेल, क्वचित् लाकडाचा भुसासुद्धां, घालून घरघर दडविण्याची लबाडी मोटारींच्या जुन्या बाजारांत सर्वत्र चालत आलेली आहे. म्हणजे जी पेटी बोलूं शकते, तिलाही विकणारा कांहीं दिवस मुकी करून ठेवतो. म्हणून गाडी घेण्यापूर्वीं ती चांगली तापेपर्यंत चालवावी, चढावर न्यावी, मागेंपुढें घ्यावी, आणि रात्रभर उभी राहिलेल्या जागेवर सकाळीं खालीं वाकून पाहावें. काळ्या-पिवळ्या गाडीच्या चालकाची ही संवय पद्मिनीबरोबर रस्त्यावरून गेली; नव्या मुक्या गाडीच्या मालकाला तिची गरज पूर्वींपेक्षां अधिक आहे.