न दिसणारी दुखापत

गेल्या पावसाळ्यांत आमच्या पनवेलच्या घराच्या ओल्या जिन्यावरून माझा पाय घसरला व डोकें कठड्यावर आदळलें. रक्ताचा थेंब नाहीं. क्षणभर डोळ्यांपुढें अंधारी आली, एवढेंच. इस्पितळांत मेंदूचा सीटी स्कॅन काढला, तो निर्दोष निघाला. 'तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं,' असें सर्वांनीं आनंदानें सांगितलें. आणि पुढें सहा आठवडे मला वर्तमानपत्राचा एक स्तंभ सलग वाचतां येईना. इतिहासाच्या अध्यापकाचें वाचन बंद पडणें म्हणजे काय, हें वाचकांस सांगावयास नको. 'प्रकृति तर ठणठणीत दिसते,' हें वाक्य त्या दिवसांत मीं इतक्यांदा ऐकलें कीं, ह्या अविश्वासाचाच इतिहास पाहावा असें मनांत आलें.

इंग्रजींत ज्याला कन्कशन म्हणतात तो हा मेंदूचा हादरा. मेंदूस जखम नसतांहि त्याचा व्यापार कांहीं काळ बिघडतो, हा भेद सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं अल्‌-राझी ह्या इराणी वैद्यानें ओळखला होता. परंतु वैद्यानें ओळखणें निराळें आणि जगानें मानणें निराळें.

हा प्रश्न कोर्टांत नेला आगगाडीनें. आम्हां पनवेलकरांचा तिच्यावर तसा जुना राग आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू पूर्वीं होडीनें आमच्या बंदरास येऊन भोर घाटाची वाट धरीत असे. १८६३ सालीं घाटांतून रूळ गेले आणि ती वर्दळ ओसरली. असो. विलायतेंत आगगाड्यांचे अपघात होत, आणि अंगावर ओरखडाहि न उमटलेले उतारू पुढें महिनोन्‌महिने डोकेदुखी, विस्मरण व निद्रानाश ह्यांची तक्रार करीत व कंपनीकडे भरपाई मागत. लंडनचे शस्त्रवैद्य एरिकसेन ह्यांनीं १८६६ सालीं पुस्तक लिहून हें दुखणें खरें ठरविलें; मज्जारज्जूस हादरा बसतो, असें त्यांचें मत. १८८३ सालीं हर्बर्ट पेज ह्यांनीं तें खोडून काढलें: पुष्कळांचें दुखणें मज्जारज्जूंत नसून धसक्यांत आहे. पेज स्वतः एका रेल्वे कंपनीचे शस्त्रवैद्य होते, हें नमूद केलेलें बरें. तरी त्यांच्या म्हणण्यांत मुळींच तथ्य नव्हतें असें नाहीं. भीतीनें हें दुखणें वाढतें, हें मीं अनुभविलें आहे.

पहिल्या महायुद्धांत तोच वाद खंदकांत गेला. १९१५ सालीं मायर्स ह्यांनीं 'शेल शॉक' हें नांव वैद्यकीय लेखनांत आणलें. स्फोटानें मेंदू हादरला कीं मन खचलें, ह्याचा निकाल लागेना. तेव्हां १९१७ सालीं ब्रिटिश सैन्यानें तो शब्दच वापरण्यास मनाई केली!

आज उत्तर पुष्कळसें हातीं आलें आहे. हादऱ्यानें मेंदूच्या पेशींतील क्षारांचा तोल ढळतो; तो सावरण्यास अधिक इंधन लागतें, आणि नेमका त्याच वेळीं रक्ताचा पुरवठा घटतो. स्कॅनमध्यें आकार दिसतो, ही ओढाताण दिसत नाहीं. लक्षणें जाईपर्यंत अंधाऱ्या खोलींत पडून राहावें, असें कालपरवांपर्यंत सांगत. २०१५ सालीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथील वैद्यांनीं त्याचा पडताळा पाहिला, तों पांच दिवस सक्तीनें विश्रांति दिलेल्या तरुण रोग्यांच्या तक्रारी एक-दोन दिवस विसांवलेल्यांपेक्षां अधिक निघाल्या. आतां सांगतात तें असें: २४ ते ४८ तास विश्रांति, मग झेपेल तितकें चालणें, वाचणें, काम. वारंवार उलट्या, वाढती ग्लानि वा वाढती डोकेदुखी असेल, तर मात्र तात्काळ इस्पितळ गाठावें.

क्रिकेटनेंहि १ ऑगस्ट २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागीं बदली गडी देण्यास मान्यता दिली. ३१ जानेवारी २०२५ रोजीं पुण्याजवळ गहुंजे येथें शिवम दुबेच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला, आणि त्याच्या जागीं आलेल्या हर्षित राणानें तीन बळी घेतले. इंग्लंडचा कर्णधार रागावला, तो बदली गडी जोडीचा नाहीं म्हणून. रेल्वे कंपनीशीं भांडणाऱ्या त्या उतारूंना एवढें भाग्य लाभलें नव्हतें.

मी स्वतः मात्र हितचिंतकांच्या आग्रहास्तव पहिले दहा दिवस पडदे ओढून पडलों होतों. पुढें डॉक्टरांच्या सांगण्यावरून वडाळे तलावाकडे फिरावयास जाऊं लागलों, आणि घड्याळ लावून वाचूं लागलों: प्रथम पांच मिनिटें, मग सात, डोकें जड झालें कीं पुस्तक मिटावयाचें. सातव्या आठवड्यांत वर्गावर गेलों. तासाच्या शेवटीं एका सनाचा घोटाळा झाला; तो मागच्या बाकावरील विद्यार्थिनीनें दुरुस्त केला.