कराची–मुंबई : अंतर तेवढंच, वेळ वेगळी

देवनारहून आपला विमानतळ सरळ रेषेत १० किलोमीटरसुद्धा नाही. पण संध्याकाळी लिंक रोडवर गाडी अडकली की तास कसा जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंतर ही जमिनीची गोष्ट. वेळ मात्र माणसांनी केलेल्या व्यवस्थेवर ठरते. हाच मुद्दा मला आज कराची आणि मुंबई या दोन शहरांवरून मांडायचा आहे.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६.३५ वाजता जे. आर. डी. टाटा कराचीहून ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले. सोबत टपालाच्या थैल्या. लंडनचं टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येई, तिथून ते पुढे न्यायचं होतं. वाटेत अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोल आलं ते बैलगाडीतून! दुपारी १.५० ला विमान जुहूला टेकलं. म्हणजे थांबा धरून सव्वासात तास. त्याआधी रेल्वेने किंवा आगबोटीने त्याच टपालाला दिवस मोजावे लागत.

आता लक्षात घ्या, तेव्हा ही दोन्ही शहरं एकाच मुंबई इलाख्यात होती. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला. कराचीतली जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. इतकं येणंजाणं होतं.

दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. जेट विमानाला हे दीड तासाचं काम. पण १९४७ नंतर या दीड तासाचा हिशोब घड्याळावर राहिला नाही. १९७१ च्या युद्धानंतर तुटलेली विमानसेवा १९७६ मध्ये सुरू झाली. २००२ च्या आरंभी पुन्हा थांबली, २००४ मध्ये परत आली. पुढे मुंबई–कराची थेट सेवा बंदच पडली, आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपली हवाई हद्दही बंद केली.

थेट विमान नसलं, की दुबईवरून जायचं. म्हणजे ३,००० किलोमीटरहून जास्त प्रवास, पाच तासांच्या आसपास नुसतं उड्डाण, आणि मधला मुक्काम वेगळा. तो मुक्काम लांबला, तर १९३२ मधलं ते चिमुकलं विमानच आधी पोहोचेल, नाही का? आणि व्हिसाची वाट पाहण्यात जाणारे दिवस तर मी धरलेलेच नाहीत.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, पन्नास वर्षं झाली म्हणून, जे. आर. डी. वयाच्या ७८ व्या वर्षी जुन्या पद्धतीचं ‘लेपर्ड मॉथ’ विमान घेऊन पुन्हा कराचीहून मुंबईला आले. तेव्हा दोन्ही सरकारांनी वाट दिली म्हणून ते शक्य झालं.

आपण म्हणतो, यंत्रांनी जग जवळ आणलं. आणलं, खरंच. पण यंत्र फक्त शक्यता देतं. विमान तयार आहे, वैमानिक तयार आहे, अंतर तेवढंच आहे. मग वेळ का वाढली? उत्तर इतिहासात आहे, आणि थोडं आपल्या हातातही आहे.

आज इतकंच. आता तुमचे प्रश्न घेऊ या.