गणपती दूध प्यायला त्या दिवशी

सोसायटीच्या आठवणी बाकीचे सभासद लिहितीलच. मी आपली इमारत उभी राहण्याच्या आधीचा एक दिवस सांगतो. गुरुवार, २१ सप्टेंबर १९९५. गणपती जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते, पितृपक्ष चालू होता.

पहाटे दिल्लीतल्या एका देवळात मूर्तीनं चमच्यातलं दूध ओढून घेतलं म्हणे. दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा. त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलमध्येसुद्धा. दिल्लीत दुधाचा खप तीस टक्क्यांवर वाढल्याच्या बातम्या आल्या.

हे पसरलं कशावरून? व्हॉट्सअ‍ॅप सोडाच, मोबाइल देशात येऊन दोन महिने झाले नव्हते आणि इंटरनेट लोकांना खुलं झालं होतं त्याच १५ ऑगस्टला. होते ते घरचे फोन आणि एसटीडी बूथ. आमच्या चाळीत मजल्यावर एकच फोन, बाकी सगळ्यांचा तो पीपी नंबर. त्या घरातल्या काकूंना दिल्लीहून नणंदेचा फोन आला. वन्सं खोटं कशाला सांगतील?

तरी लगेच कुणी उठलं नाही. आधी एक घर निघालं, मग दोन. आमचे नाना देवळाची पायरी न चढणारे, पण अर्धा मजला वाट्या घेऊन जिन्यात दिसल्यावर त्यांनीही चपला घातल्या. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली हेच मांडलं होतं: किती जणांनी केल्यावर आपण करायचं, याचा प्रत्येकाचा आकडा वेगळा. कुणाचा शून्य, कुणाचा दहा. (आपल्याकडे ओल्या-सुक्या कचऱ्याची नोटीस वर्षभर बोर्डावर होती. शेजारच्या दारात दोन डबे दिसायला लागले तेव्हा कुठे बाकीचे हलले!)

शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी दुधात रंग घालून दाखवलं. चमच्याची कड सोंडेला टेकली की पृष्ठताणामुळे दूध बाहेर ओढलं जातं आणि पातळ थरानं मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही, एवढंच. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. पण ते सांगायला काकूंनी काही दिल्लीला एसटीडी लावला नाही.