अनुस्वार पुसताना

मंडळी, तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर संगणकावर काय बोलणार, असं वाटेल. पण विषय आपल्या घरातल्या जुन्या वह्यांचा आहे.

१९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारने स्वीकारले; १९७२ मध्ये आणखी चार आले. उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीने आलेले अनुस्वार गेले. नांव, पांच, कांटा यांच्या डोक्यावरचा भार उतरला.

माझ्या वडिलांची वही त्याआधीची. ती टंकून झाल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, एका ओळीत नवी करून देतो." जावास्क्रिप्टमध्ये त्याने 'रिप्लेस' दिलं, तर पहिला अनुस्वार तेवढा गेला! शेवटी 'सर्वत्र' या अर्थाचं 'जी' लावल्याशिवाय ती भाषा पुढे सरकत नाही म्हणे. ते लावलं. मग संतांचे 'सत' झाले, नांदुऱ्याचं 'नादुरा', आणि "बांधावर आंबा लावला" याचं "बाधावर आबा लावला"! घरात सगळे हसले. मी जरा कमी.

या नमुना-लेखनाला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली ते मांडलं, केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मजकूर शोधायला वापरलं. जावास्क्रिप्ट आली १९९५ ला. पण 'कशाच्या जागी काय, आणि पुढे काय असेल तर' ही बांधणी पाणिनीकडे आहेच. जे जातं ते स्थानी, जे येतं तो आदेश. पुढे वेगळा स्वर असेल तरच 'इ'चा 'य्' होतो. म्हणून यदि आणि अपि मिळून यद्यपि.

आम्हीही अट घातली. शब्दाची सीमा दाखवणारी तिथली खूण रोमन अक्षरांपुरतीच चालते, देवनागरी तिच्या लेखी शब्दच नाही. म्हणून 'पुढे मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा ओळीचा शेवट' असं लिहिलं. करतों, घरें सुधारले. 'स्वयं'चं 'स्वय' झालं, ते हाताने परत केलं. नांव, पांचसारख्यांची वेगळी यादी केली.

अडलो एका ओळीवर: "ज्ञानगंगेचें पाणी शेतांत शिरलें." जुन्या लेखनात 'शेतांत' हे एका शेताचंही रूप आणि अनेकांचंही. आज एकवचनी शेतात, अनेकवचनी शेतांत. यंत्राला अक्षर दिसतं, शेतं मोजता येत नाहीत. थोरल्या अक्काला फोन लावला. ती म्हणाली, "दोन्ही गेली होती रे त्या वर्षी."

अनुस्वार ठेवला.